दुखत नव्हतंच

"छातीत दुखतंय का?" हा प्रश्न मला आठ दिवसांत तिघांनी विचारला. तिन्ही वेळा मी "नाही" म्हणाले, आणि तिन्ही वेळा खरं बोलले.

दुखत नव्हतंच. दाढ दुखते, गुडघा दुखतो, ते दुखणं मी ओळखते. हे निराळं होतं. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, कुणी तळहात टेकवून सावकाश भार टाकत जावा, तसं. सोबत खालचा जबडा जड व्हायचा. मराठीत ऊर भरून आला म्हटलं की ऐकणाऱ्याला अभिमान तरी आठवतो, नाहीतर हुंदका. माझ्या बाबतीत मात्र ते अक्षरशः घडत होतं, आणि डॉक्टरांपुढे तसं म्हणायचा संकोच वाटत होता. चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासतेय. दुसऱ्यांचे ढिसाळ शब्द नेमके करून देणं हाच माझा धंदा. स्वतःवर वेळ आली तेव्हा साधं एक क्रियापद सापडेना.

तसा अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीवर येणारं हे दडपण, माझ्या ओळखीचा होता, दोन वर्षांपासून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसरा मजला ओलांडला की छातीवर तो हात यायचा. मी कठड्याला धरून उभी राहायचे, दोन मिनिटांत तो निघून जायचा, मी वर जायचे. याला स्थिर अंजायना म्हणतात, असं तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी चरबीच्या थराने अरुंद झालेली असते. बसल्या जागी रक्त पुरतं. जिना चढायला लागलं की स्नायूला जास्त लागतं, तेवढं पोचत नाही, आणि स्नायू तक्रार करतो. थांबलात की मागणी कमी होते, तक्रारही थांबते. इतका हिशेबी आजार की मी त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. किती पायऱ्यांनी येणार, किती वेळ राहणार, सगळं ठरलेलं.

तीन गोळ्या होत्या. ॲस्पिरिन, हृदयाचे ठोके आवरणारी एक, आणि कोलेस्टेरॉलची. त्यातली कोलेस्टेरॉलची मी सहा महिन्यांपूर्वी आपण होऊन बंद केली होती, कारण रिपोर्ट चांगला आला. तो गोळीमुळे चांगला आला होता. हे वाक्य कुणाच्या मजकुरात असतं तर मी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं.

मग हिशेब चुकायला लागला. आधी तो हात पहिल्या मजल्यावरच यायला लागला. मी म्हटलं, वजन वाढलंय. मग दोन मिनिटांऐवजी पाच-सहा मिनिटं रेंगाळायला लागला. म्हटलं, उकाडा आहे. एकदा न्हाऊन केस पुसायला हात वर केले तेव्हा आला. म्हटलं, वाकडेतिकडे हात झाले असतील. प्रत्येक वेळेला माझ्याकडे कारण तयार. हे सगळं तीन आठवड्यांत झालं. ते एका कागदावर एकाखाली एक लिहिलं असतं, तर शाळकरी पोरानेही सांगितलं असतं की हे एका दिशेने चाललंय. पण मी ते लिहिलं नाही. सुटं सुटं लक्षात ठेवलं, आणि सुट्या गोष्टी निरुपद्रवी दिसतात.

एका दुपारी टेबलापाशी बसून काम करत होते. हातात पेन्सिल, पाठ खुर्चीला टेकलेली, आणि तो आला. जिना नाही, घाई नाही, काही नाही. दहा मिनिटं राहिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

आमचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतं?"

"नाही."

"धाप लागते?"

"थोडी. चढताना."

ईसीजी काढला. गार जेली, चिमटे, आणि यंत्रातून घरंगळत आलेली गुलाबी चौकड्यांची पट्टी. "एकदम नॉर्मल." आम्लपित्ताची गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, मनाच्या समाधानासाठी पुढच्या आठवड्यात ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. खुर्चीत बसल्या-बसल्या झालं, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, हे खरं. पण मी सांगितलं नाही कारण "नॉर्मल" हा शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं की तो कुणी खोडावा असं वाटेना. पट्टीची चार घड्यांची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. सर्टिफिकेटच ते.

आता ठाऊक आहे की अंजायना नसलेल्या घटकेला काढलेला ईसीजी अगदी सरळ येऊ शकतो. तो त्या दहा सेकंदांचा फोटो असतो.

आठव्या दिवशी पहाटे चारला जाग आली ती त्यानेच. या खेपेला तळहात नव्हता, गुडघा होता. जबडा आणि डावा दंड भरून आलेले, कपाळावर घाम. उठून बसले, त्रास झाला तरच घ्यायची ती जिभेखालची गोळी ठेवली. कमी होईना. लेकीला हाक मारली.

"आई, छातीत दुखतंय?"

"दुखत नाही गं. पण जात नाहीये."

"चल."

"उजाडू दे ना."

तिने उत्तर दिलं नाही, माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या. एकूण पंचवीस मिनिटं तो राहिला. आम्ही रस्त्यात असताना सुटला. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा मला काहीसुद्धा होत नव्हतं, आणि एवढ्या पहाटे लोकांना उठवल्याबद्दल ओशाळं वाटत होतं. कॅज्युअल्टीत जी डॉक्टर होती ती माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिने विचारायच्या आत मी ती घडीची पट्टी पुढे केली. "हे बघा, आठ दिवसांपूर्वीच काढलाय, नॉर्मल आहे."

"काकू, आत्ता दुखतंय?"

"नाही." तिसऱ्यांदा.

"मघाशी?"

"दुखत नव्हतं."

ती थांबली. मग म्हणाली, "दुखत नव्हतं तर काय होत होतं? तुमच्या शब्दांत सांगा, मला घाई नाही." मला शब्द सुचेना. मी नुसती मूठ वळून छातीवर ठेवली. तिने माझ्या तोंडाकडे पाहायचं सोडून त्या मुठीकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सॅम्युअल लिव्हाइन नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाने ही खूण ओळखली जाते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. लोकांना शब्द सापडत नाहीत आणि हात आपणहून वळतो, असं फक्त माझंच नव्हतं तर.

मग तिने जे प्रश्न विचारले ते आधी कुणी विचारले नव्हते. पूर्वी किती पायऱ्यांनी व्हायचं? आता? पूर्वी किती वेळ? आता? बसल्या जागी किती वेळा? झोपेतून उठवलं ते पहिल्यांदाच? मी सांगत गेले आणि ती बोटांवर मोजत गेली. तीन आठवडे मी जे सुटं ठेवलं होतं, ते तिने पाच मिनिटांत एका ओळीत लावलं.

नवा ईसीजी तोवर निघाला होता. तिने माझी चुरगळलेली पट्टी पलंगावर सपाट केली, नवी तिच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींवर बोटं ठेवून एकेक खण पुढे सरकत गेली. हे मी जन्मभर केलेलं काम. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे मुद्रित, आणि ओळीवर बोट. मलाही दिसलं. व्ही-२ आणि व्ही-३ असं लिहिलेल्या खणांत जुन्या पट्टीवर प्रत्येक ठोक्यानंतर एक छोटी गोल टेकडी होती. नव्या पट्टीवर तिथे खोल खड्डा होता. टेकडी उलटी झाली होती.

"हा जुना ईसीजी तुम्ही आणलात ते फार बरं केलंत," ती म्हणाली. ज्या कागदाने मला आठ दिवस फसवलं होतं, तोच आता साक्षीला उभा होता. तो नसता तर ही उलटी टेकडी जुनीच असेल की काय, असा वाद झाला असता.

छातीतलं दडपण थांबल्यानंतर या दोन खणांत टी-लहरी, म्हणजे त्या टेकड्या, अशा उलट्या दिसल्या, तर हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या वाहिनीत वरच्या टोकाला मोठा अडथळा असण्याचा दाट संशय घेतात. १९८२ साली नेदरलँड्समधल्या हाइन वेलेन्स यांच्या गटाने हे मांडलं. मी तिला ट्रेडमिल टेस्टचं सांगितलं, पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे म्हणून. तिने पेन खाली ठेवलं. "गेला नाहीत ना?" आजार असा चळलेला असताना पट्ट्यावर पळवणं म्हणजे अटॅक ओढवून घेणं, इतक्या स्पष्ट शब्दांत ती बोलली.

रक्त घेतलं, ट्रोपोनिनसाठी. हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आतलं प्रथिन. पेशी मेल्या की रक्तात गळतं. पहिला आकडा नॉर्मल. तीन तासांनी पुन्हा घेतलं, तोही नॉर्मल. लेकीचा चेहरा उजळला. "म्हणजे अटॅक नाही!"

"नाही. अजून नाही," डॉक्टर म्हणाली.

त्या "अजून"मध्ये सगळा आजार आहे. अस्थिर अंजायना म्हणजे काय, ते सकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. वाहिनीतला चरबीचा थर दोन वर्षं निवांत होता, त्याच्यावरचं आवरण टिकून होतं. आता ते आवरण कुठेतरी फाटलंय किंवा खरवडलं गेलंय. आतला माल रक्ताला लागला की शरीराला वाटतं जखम झाली, आणि बिंबिका, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्स, तिथे गोळा होऊन गुठळी धरतात. गुठळी वाहिनी पुरती बुजवत नाही, पण कमी-जास्त होत राहते. म्हणून त्रास कधीही येतो, बसल्या जागी येतो, झोपेत येतो. पेशी मेल्या तर ट्रोपोनिन वाढतं आणि त्याला हार्ट अटॅक म्हणायचं. मेल्या नाहीत तर अस्थिर अंजायना. एकाच घटनेच्या या दोन अवस्था, आणि मधली रेषा केव्हा ओलांडली जाईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन नॉर्मल असूनही माणसाला दाखल करून घेतात. इथे निदान मुख्यतः रोग्याच्या तोंडून होतं. पूर्वी कसं होतं आणि आता कसं आहे, एवढ्यावर. आणि ती गोष्ट मी आठ दिवस काटछाट करून सांगत होते.

उपचार तोवर सुरू झाले होते. ॲस्पिरिनची तीनशे मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावली, गिळायची नाही, म्हणजे लवकर भिनते. पोटाच्या कातडीत रक्त गोठू न देणारं, हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन, बारा-बारा तासांनी. त्याचे निळे डाग पंधरा दिवस राहिले. बंद केलेली कोलेस्टेरॉलची गोळी परत आली, मोठ्या डोसात, काही न बोलता. त्या न बोलण्याचीच जास्त लाज वाटली. सगळे या औषधांना "रक्त पातळ करणारी" म्हणतात. रक्त पातळबितळ होत नाही, ते गोठायला वेळ लावतं, एवढंच. मी नर्सला हे सांगायला गेले तेव्हा लेकीने माझा हात दाबला.

दिरांचा फोन आला. "वहिनी, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन का देत नाहीत?" रास्त प्रश्न होता, मीही विचारला. उत्तर असं की ते इंजेक्शन वाहिनी पूर्ण बुजलेल्या विशिष्ट प्रकारच्या अटॅकमध्ये कामाचं. या आजारात त्याचा फायदा होत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी. उजव्या मनगटातून. मनगटाला भूल, मग जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची नळी. आत जाताना दंडात ओढल्यासारखं झालं, पुढे काही कळलं नाही. मी पूर्ण जागी होते. खोली गार, आणि डाव्या हाताला पडदा. त्यावर राखाडी धुक्यात माझं हृदय हलत होतं. रंगद्रव्य सोडलं की क्षणभर काळं झाड उमटायचं, फांद्यांसकट, आणि विरायचं. मला काही शिकवलेलं नव्हतं, तरी दिसलं. एका जाड फांदीवर, सुरुवातीलाच, कुणी दोऱ्याने करकचून बांधल्यासारखी जागा होती. नव्वद टक्के, असं कुणीतरी म्हणालं. डॉक्टर बाहेर जाऊन लेकीशी बोलून आले, आणि त्याच बैठकीत स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी धरणारी जाळीची नळी, घालायचं ठरलं.

फुगा त्या जागी नेला. "आता थोडं जाणवेल," डॉक्टर म्हणाले. आणि तो आला. तोच. मधोमध, हाडामागे, तळहात, मग भार, मग जबडा. तीन आठवडे ज्याला मी वजन म्हटलं, उकाडा म्हटलं, पित्त म्हटलं, तो कुणीतरी बटण दाबून आणला होता.

"काय होतंय?"

"तेच."

"तेच म्हणजे? रोज व्हायचं ते?"

"अगदी तेच."

फुगा वाहिनीत फुगलेला असतो तेवढा वेळ रक्त अडतं, म्हणून होतं. मी मनात आकडे मोजत होते. अठराला त्यांनी फुगा सोडला आणि तो हात उचलला गेला. मला रडू आलं. भीतीने नाही. इतके दिवस ज्याचं नाव सांगता येत नव्हतं, त्याला ओळख परेडमध्ये उभं करून "हाच" म्हणता आलं, म्हणून असेल. तिथल्या नर्सला वाटलं दुखतंय. तिनेही विचारलंच, दुखतंय का म्हणून.

मनगटावर हवा भरलेला पट्टा बांधला होता, त्यातली हवा थोडी थोडी काढत संध्याकाळी तो सुटला. बाकी हॉस्पिटलात सांगण्यासारखं काही नाही. दोन दिवसांत घरी.

घरी आल्यावरचा महिना खरा अवघड गेला, आणि त्याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. टिकाग्रेलॉर नावाची नवी गोळी होती, दिवसातून दोनदा, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. चौथ्या दिवशी नुसतं पडल्या-पडल्या श्वास अपुरा वाटायला लागला. मी लेकीला उठवलं, पुन्हा ती पहाट, पुन्हा चपला. तपासण्या सगळ्या ठीक. या गोळीने काही जणांना अशी धाप जाणवते, हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम, बहुधा कमी होतो, असं सांगितलं. ते निघतानाच सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती. गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही, वर्षभर. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हे त्यांनी तीनदा सांगितलं. माझा इतिहास त्यांच्या कागदावर होताच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आता ५५च्या खाली हवं म्हणतात. गोळी सोडली होती तेव्हा ते १४२ होतं.

जिभेखालच्या गोळीचा नियमही तेव्हा नीट कळला. खाली बसून घ्यायची, कारण रक्तदाब उतरतो आणि उभं माणूस पडतं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर ॲम्ब्युलन्स. उजाडायची वाट बघायची नाही. ती गोळी नायट्रोग्लिसरीनच्या कुळातली. डायनामाइट काढणाऱ्या आल्फ्रेड नोबेलला शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी हृदयासाठी तेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं, आणि १९९८चं वैद्यकाचं नोबेल शरीरातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या कामाबद्दल दिलं गेलं. त्या गोळीचा परिणाम त्याच्याच मार्फत होतो. पडून राहायचं असलं की माणूस काय काय वाचतं.

त्याच वाचनात विल्यम हेबर्डेन भेटला. "अंजायना पेक्टोरिस" हे नाव या इंग्रज डॉक्टरचं. १७६८ साली लंडनमध्ये त्याने व्याख्यान दिलं, १७७२ मध्ये ते छापून आलं. अंजायना हा लॅटिनमधला शब्द, गळा आवळणं या अर्थाच्या मुळातून आलेला. म्हणजे नाव ठेवतानाच त्याने दुखण्यापेक्षा आवळण्याला मान दिला होता. चालताना येतो, उभं राहिलं की जातो, हे त्याने लिहिलंच. पुढे हेही लिहिलं की काही महिन्यांनी तो उभं राहून लगेच जाईनासा होतो, आणि आडवं पडल्यावरही येतो. ईसीजी नाही, रक्ततपासणी नाही. नुसतं रोग्यांचं बोलणं ऐकून. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझे तीन आठवडे त्यात होते.

नेहमीचे डॉक्टर सुट्टीवरून परतल्यावर त्यांना भेटले. आता जिन्यात काही होत नाही. दुसऱ्या मजल्यापुढे पाय सवयीने थबकतात तेवढं. हॉस्पिटलातून ती जुनी पट्टी मी मागून आणली होती, नव्या पट्ट्यांसकट. डॉक्टर म्हणाले, आधी यांच्या झेरॉक्स काढा. हा कागद उष्णतेवर छापतात, वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. घरी येऊन दिव्याखाली धरून पाहिलं. चार घड्या जिथे पडल्या होत्या तिथल्या रेषा आताच फिक्या झाल्या आहेत. व्ही-३ची टेकडी घडीच्या जेमतेम बाहेर आहे, म्हणून वाचली. झेरॉक्स काढून आणल्या आहेत आणि त्या पर्समध्ये न ठेवता आता फायलीत सपाट ठेवल्या आहेत.